मोरीवरचा खड्डा

शर्यतीच्या सकाळी चष्मेवाल्याची बायको त्याच्या पाठीवर नंबराचं कापड लावत होती. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना.

"हलू नका, टोचेल."

आपण हलत नाही असंच त्याला वाटत होतं. पण गेलं वर्षभर त्याचा एक पाय सारखा हलत असे. दुकानात भिंगं घासताना, जेवताना, अगदी झोपेतसुद्धा.

"पहिले आलात तर वहिनींच्या हातून ढाल घ्यावी लागेल. माहितीये ना?"

"माहितीये."

"मग जाता कशाला?"

उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. नाही गेलो तर लोक विचारतील, का नाही गेला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

ढाल पोस्टमनच्या नावाची होती, आणि वहिनी म्हणजे त्याची बायको. पोस्टमन त्याचा जिवलग. दर रविवारी दोघं सायकलीवर चाळीस किलोमीटर मारून यायचे. पोस्टमन शर्यतीच्या सायकलीवरही पितळी घंटी ठेवायचा. "अरे, वजन वाढतं उगाच," असं चष्मेवाला चिडवायचा. "असू दे रे. घंटी नसली की टपाल घरी विसरल्यासारखं वाटतं," असं तो म्हणायचा. घंटी जुनी, आतून सैल. रस्ता जरा खडबडीत आला की आपोआप किणकिणायची.

या खेळाची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. वारा समोरून असतो, म्हणून दोघंतिघं एकामागे एक, चाकाला चाक लावून सायकल मारतात. पुढचा वारा खातो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो. मग पाळी बदलते आणि मागचा पुढे येतो. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. म्हणून खड्डा आला की पुढच्याने त्या बाजूचा हात खाली करून तो दाखवायचा. शर्यत असो नाहीतर सात जन्मांचं वैर असो, हात करायचाच.

गेल्या वर्षी शेवटच्या टप्प्यात हे दोघंच पुढे निसटले होते. चष्मेवाला पुढे, पोस्टमन त्याच्या चाकाला. पोस्टमनचा दम शाबूत होता. शेवटी तो पुढे काढणार हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं, कारण बारा वर्षं हेच होत आलं होतं. मोरी आली. मोरीच्या डाव्या अंगाला खड्डा होता, आणि तो त्याला चांगला वीस पावलांवरून दिसला. लोकांची नजर तपासून पोट भरणारा माणूस, त्याला दिसणार नाही? त्याचा हात मुठीवरून सुटला... आणि परत मुठीवर गेला. त्याने सायकल हलकेच उजवीकडे काढली. मागे घंटी एकदाच वाजली, टण्णकन.

तो पहिला आला. पोस्टमन पुढे नऊ दिवस जगला.

"भाऊजी, तुम्ही पुढे होतात," वहिनींनी नंतर विचारलं होतं. "खड्डा दिसला नाही का?"

"नाही वहिनी. दिसलाच नाही."

यंदा शर्यतीला धुकं इतकं होतं, की शर्यत सोडणाऱ्या ड्रिलमास्तरांची शिट्टी ऐकू आली, मास्तर काही दिसले नाहीत. चाळीस सायकली सुटल्या. चष्मेवाल्याला घोळक्यात घुसमटायला लागलं. कोणी मागे असलेलं त्याला हल्ली सोसत नसे. चढ लागताच त्याने जीव खाऊन पायडल मारलं आणि तो एकटाच पुढे निघाला. मागचे आवाज विरत गेले. उरला ओल्या मातीचा वास आणि स्वतःच्या साखळीची करकर.

मग मागे घंटी किणकिणली.

"कोण आहे?"

वळून पाहिलं तर नुसतं धुकं. त्याने वेग वाढवला, घंटी तेवढ्याच अंतरावर. कमी केला, तरी तेवढ्याच. एक खड्डा आला. सवयीने हात खाली गेला, आणि मागची घंटी निमूट खड्ड्याच्या बाजूने निघून आली. पुढच्या खड्ड्याला त्याने मुद्दाम हात केला नाही.

टण्णकन.

तोच आवाज. मग सगळं शांत. दहाएक पायडलं मारून होतात न होतात तोच घंटी पुन्हा किणकिणली. आता ती जवळ होती. धुक्यात गोंदाचा आणि ओल्या कागदांचा वास पसरला होता.

"पाळी... पाळी घ्यायची का?" त्याने न वळता विचारलं.

मागे फक्त श्वास.

मोरी आली. तिथला खड्डा बुजवून वर्ष होत आलं होतं. डांबर पाटीसारखं गुळगुळीत होतं, त्याने तीनदा येऊन, वाकून, हाताने चाचपून पाहिलं होतं. दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतं. पण मानेवर श्वास लागत होता, आणि त्याचा डावा हात आपोआप सुटला. बोट त्या गुळगुळीत डांबराकडे गेलं.

"म्हणजे..." मागून दमलेला, ओळखीचा आवाज आला. "दिसला होता तर."

त्यानंतर घंटी वाजली नाही.

तो पहिला आला. ऊन पडलं, धुकं गेलं, ड्रिलमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी ढाल पुढे केली, पण सोडली नाही. दोघांचे हात ढालीवर तसेच राहिले.

"भाऊजी, एकदाच विचारते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला भांडायचं नाही. डोळे मिटले की मी तोच रस्ता बघते हो. मला फक्त कळू दे. खड्डा दिसला होता का?"

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. सकाळी हाताने सांगितलंच होतं, आता तोंडाने तेवढं सांगायचं. पण समोर माणसं होती, मास्तर होते, फोटो काढणारा थांबला होता.

"नाही वहिनी. दिसला असता तर हात केला नसता का?"

वहिनींनी ढाल सोडली.

तो ढाल पाठीवरच्या पिशवीत घालून घरी निघाला. रस्ता मोकळा होता, दूरवर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात घंटी किणकिणली.

मागे नाही. पुढे.

पाळी बदलली होती.

तो उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. पुढची घंटीही त्याच्या पावलांइतकी सावकाश झाली. असं करत तो मोरीपाशी आला आणि थांबला. त्याच्यामागून एकोणचाळीस जण याच डांबरावरून गेले होते. आता तिथे डांबर नव्हतं. डाव्या अंगाला खड्डा होता, जुना, झिजलेल्या कडांचा, तळाशी गढूळ पाणी.

घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. घंटी मोरी ओलांडून पलीकडे गेली आणि थांबली. तो सायकलीचा दांडा घट्ट धरून उभा राहिला.

पलीकडे घंटी एकदा वाजली... मग पुन्हा वाजली.