अर्ध्यावरचा काटा

तार आली तेव्हा प्रमिला धुळ्याच्या कन्याशाळेच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. तारवाल्याने नुसती कडी वाजवली, तरी तिच्या हातातली लाल शाईची दौत कलंडली. स्वभावच तसा. वर्गात पट्टी पडली तरी मुलींच्या आधी बाई दचकायच्या.

तार पिंपळनेरहून मेव्हण्यांची होती. ‘सुंदरास घटसर्प. लस इथे नाही. संध्याकाळच्या आत पोचवा.’

सुंदरा म्हणजे तिच्या बहिणीची, ताईबाईची, सहा वर्षांची मुलगी.

घटसर्पाचं विष उतरवणारी ती लस धुळ्यात मिळाली. डॉक्टरांनी ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवून दिली आणि बजावलं, “बर्फ आहे तोवर पोचा. घसा मिटायला लागला की मग लसही काही करत नाही.” पिंपळनेरची मोटार सकाळीच निघून गेली होती. शेवटी शेजारच्या मोतीलाल शेठनी आपली गाडी दिली, आणि गाडीबरोबर ड्रायव्हर हाशमभाई.

गाडी लढाईनंतरच्या लिलावातली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. एरवी तिच्यातून सरकीची पोती जायची. समोरच्या पत्र्यात चार गोल तबकड्या होत्या आणि चारींवर हाशमभाईने जुन्या लुंगीचं फडकं खिळवलं होतं.

निघण्यापूर्वी त्याने सीटमागून बांबूची एक काठी काढली. तिला चाकूने खाचा पाडलेल्या. पेट्रोलच्या टाकीत ती उभी बुडवली, वर काढली, आणि प्रमिलेच्या नाकासमोर धरली.

“बघून घ्या बाई. आठ खाचा. आठ गॅलन.”

“मला कशाला दाखवता?”

“जो बसतो त्याला दाखवतो. कायदाच केला मी.” काठी बाहीला पुसत तो म्हणाला, “गाडीवरचे काटे कारखान्यातूनच लबाड निघालेत. पाणी उकळतं तेव्हा काटा म्हणतो थंड. गाडी उभी, तर काटा म्हणतो ताशी तीस मैल. आमचे शेठसुद्धा इतकं खोटं बोलत नाहीत.”

प्रमिला हसली. थर्मास मात्र तिने पोटाशी धरला होता, तो तसाच.

साक्रीला त्याने इंजिनात पाणी घातलं, पुन्हा काठी बुडवली. पाच खाचा. तिथे चहाचा कप हातात धरून, तिच्याकडे न बघता, त्याने सांगितलं.

“माझा मोठा भाई, नूर महंमद. आधी ही गाडी तोच चालवायचा. मागल्या मे महिन्यात पिंपळनेरहून एक बाळंतीण आणत होता. भिकुबाई नाव. अडली होती, धुळ्याच्या दवाखान्यात न्यायची होती. मागे हौद्यात गोधडी टाकून निजवली. काटा म्हणत होता अर्धी टाकी. भाईने काट्यावर भरवसा ठेवला. इथून पाचव्या मैलाच्या दगडापाशी गाडी बंद. टाकी खडखडीत.”

“मग?”

“तो डबा घेऊन साक्रीला आला चालत. पेट्रोल घेतलं, परत निघाला. दुपारची वेळ. गाडी दिसत होती म्हणे, दोनशे पावलांवर... तिथंच कोसळला. ती बाई पोटातल्या जिवासकट गाडीतच गेली. डबा काही सापडला नाही.” त्याने कपातला चहा ओतून टाकला. “तेव्हापासून तो काटा शून्यावर पडलाय. टाकी भरली तरी उठत नाही. आता खरं बोलून काय उपयोग?”

साक्री सुटली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लांबवर डांबरावर पाणी साचल्यासारखं चकाकायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. प्रमिलेने मैलाचे दगड मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. तरी ती मोजत होती. एक. दोन. तीन. चार.

पाचव्या दगडाशी इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

हाशमभाई खाली उतरून गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक होतं. “दगड उडून नळीला चीर गेली. सगळं वाटेत गळलं.” त्याने धुण्याचा साबण मळून चिरेत दाबला, मग काठी टाकीत घातली. काठी कोरडी. बांबूला ओल म्हणून नाही.

“साक्रीला जातो. तीन तास लागतील.”

“तीन तास?” प्रमिलेने थर्मास हलवला. आत बर्फाचे तुकडे थोडेच वाजले, पाणीच जास्त. तिच्या डोळ्यांसमोर सुंदराचा घसा आला. शिट्टी वाजवावी तसा श्वास घेत असेल पोर.

“दुसरं काय करू, बाई?” त्याने ओला पंचा डोक्याला गुंडाळला, रिकामा डबा उचलला आणि चालू लागला. पाठमोरा, वाकलेला, उन्हात हळूहळू लहान होत गेला.

ती केबिनमध्ये एकटी उरली. पत्रा तापून टिकटिकत होता. वारा पडला होता. मग पत्र्याचा आवाजही थांबला, कुणी कानांवर हात ठेवावेत तसा.

टाकीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

हाशमभाई लांब वळणावर ठिपक्याएवढा दिसत होता. प्रमिलेला मान वळवता येईना. पेट्रोलचा वास आला, दाट, डोळ्यांत झोंबणारा. डब्यातून ओतताना होतो तसा डबडब, डबडब आवाज. आणि मागच्या हौद्यातून, थकलेल्या बाईच्या आवाजात, अगदी हळू...

“उनात का, भाऊ?”

आलात का, भाऊ, असं.

ओतणं थांबलं. झाकण बसलं. समोरचं फडकं जराही हललं नव्हतं. प्रमिलेने त्याचा कोपरा उचलला. शून्यावर पडलेला काटा सावकाश वर चढत होता. पाव. पावाच्या वर. अर्ध्यावर येऊन तो थांबला.

तिने भोंगा दाबला, आणि दाबतच राहिली.

हाशमभाई धावत परत आला. तिने नुसतं बोट दाखवलं. त्याने काटा पाहिला, काठी टाकीत घातली.

कोरडी.

“नाही बाई,” तो म्हणाला. “ह्या काट्याने माझा भाई नेला. ह्याच्यावर भरवसा ठेवू?”

“हँडल मारून बघा.”

“काठी कोरडी आहे...”

“काठी राहू द्या, हाशमभाई. पोरगी जाईल माझी.” एवढ्या ठाम आवाजात ती आजवर वर्गातही बोलली नव्हती.

त्याने हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं.

पुढचे नऊ मैल प्रमिलेने काट्यावरची नजर काढली नाही. पिंपळनेरला बहिणीच्या दारात गाडी टेकली आणि आपोआप बंद पडली. काटा खाली पडल्याचा बारीक टक् आवाज प्रमिलेने उतरता उतरता ऐकला. थर्मासात नखाएवढा बर्फ उरला होता.

सुंदरा वाचली. तिसऱ्या दिवशी तिने घोगऱ्या आवाजात भाकरी मागितली, आणि ताईबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

चौथ्या दिवशी प्रमिला परत निघाली. हाशमभाईने नळी बदलली होती, साक्रीहून पेट्रोल मागवलं होतं. त्याने काठी दाखवली. “सहा खाचा.” काट्यावरचं फडकं आता काढलेलं होतं. काटा शून्यावर. सगळं रीतसर. हौदा रिकामा होता.

त्या पाचव्या दगडाशी हाशमभाईने न सांगता गाडी उभी केली. हौद्याचा मागचा फळका खाली पाडला आणि आपल्या जागेवर येऊन बसला.

मागच्या स्प्रिंगा करकरल्या. गाडी किंचित मागे दबली.

“बसलं का कुणी?” त्याने समोर बघत विचारलं.

“बसलं,” प्रमिला म्हणाली.

काटा अर्ध्यावर गेला आणि धुळ्यापर्यंत तसाच राहिला. खड्डा आला की हाशमभाई गाडी अलगद उतरवी, मागे अवघडलेली बाई असावी तशी.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर त्याने गाडी थांबवली, फळका पाडला. दोघं खाली उभी राहिली. उन्हं कलली होती. फाटकातून माणसं ये-जा करत होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

स्प्रिंगा करकरल्या. हौदा वर उचलला गेला.

हाशमभाईने डोळे पुसले आणि फळका लावायला हात घातला. प्रमिलेने त्याचं मनगट धरलं.

“थांबा...”

हौदा पुन्हा हलला. अगदी थोडा. तान्ह्या जिवाचं वजन उतरावं, तेवढाच.