चौथा पराभव

स्मृतिवेधक सुरू केला की प्रयोगशाळेतले बाकीचे दिवे मालवावे लागत. यंत्राला वीज पुरत नाही, असं इरफान मुजावर सांगायचे. हे यंत्र त्यांनीच बांधलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. यंत्राच्या कमानीखाली आज एक अवाढव्य माणूस आडवा पडला होता. त्याचे पाय पलंगाबाहेर येत होते म्हणून पायांखाली एक स्टूल सरकवलं होतं.

हा माणूस म्हणजे धैर्यशील इंगवले, हेवीवेट मुष्टियुद्धाचा माजी जगज्जेता. एके काळी साताऱ्यातल्या व्यायामशाळांना, चौकांना आणि एका मिसळीच्या हॉटेलालाही त्याचं नाव दिलेलं होतं. आता त्याला सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नव्हतं. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांनी मुष्टिघाती विस्मरण नावाचं दुखणं मागे लागलं होतं आणि ते थांबवणारं औषध अजून निघालेलं नव्हतं.

काचेपलीकडे त्याची बायको सुनेत्रा बसली होती. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई गेली दोन वर्षं नवऱ्यामागे धावून इतकी दमली होती, की खुर्ची मिळाली याचाच तिला आधी आनंद झाला.

पडद्यावर करड्या रंगाचं एक मैदान उमटलं. मैदानावर बारीक रेघा होत्या, आणि काही ठिकाणी खोल, काळे चर.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. केतकी राजाध्यक्ष तिच्याशेजारी येऊन बसल्या. "हे त्यांच्या स्मृतींचं मैदान समजा," त्या म्हणाल्या. "आठवण मेंदूत एकदा लिहिली आणि संपलं, असं होत नाही. आपण ती प्रत्येक वेळी काढतो तेव्हा ती पुन्हा लिहिली जाते, थोडी आणखी खोल. ज्या वाटेनं माणूस रोज जातो तिथे चर पडतो, तसा हा स्मृतिचर. दुखणं वरवरच्या रेघा आधी पुसतं. खोल चर शेवटी."

"म्हणजे त्यांचे विजय राहतील," सुनेत्रा म्हणाली. जगज्जेतेपद, विमानतळावरची मिरवणूक, घरातल्या कपाटातला तो भलामोठा सोनेरी पट्टा, यातलं काहीतरी शेवटपर्यंत सोबत राहील अशी तिची आशा होती.

केतकीबाई मुजावरांकडे पाहू लागल्या. मुजावर मुष्टियुद्धाचे जुने वेडे. इंगवलेच्या प्रत्येक लढतीतली प्रत्येक फेरी त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे हे सांगणं त्यांच्याच जिवावर आलं होतं.

"विजय जवळजवळ गेलेत, मॅडम," ते म्हणाले. "जिंकलेली लढत माणूस मनात पुन्हा लढत नाही. हरलेली लढत मात्र झोपताना, जेवताना, चालताना लढत राहतो. इथे हात वर हवा होता, तिथे मागे सरकायला हवं होतं. हे खोल चर दिसतात ना, ते त्यांचे पहिले तीन पराभव आहेत."

ते तीन पराभव सगळ्या महाराष्ट्राला माहीत होते. सुरुवातीच्या तिन्ही लढती हरलेला आणि मग निवृत्तीपर्यंत एकदाही न हरलेला योद्धा, असंच त्याच्याबद्दल लिहिलं जाई. लेखांना असली सुरुवात फार सोयीची असते. पराभवांनीच इंगवले घडवला, हे वाक्य इतक्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं. ते अक्षरशः खरं असेल, हे मात्र लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

केतकीबाईंनी पुढचं सरळच सांगून टाकलं. वर्षभरात वरच्या रेघा जातील. मग धैर्यशील पंचविशीतला, तिन्ही लढती हरलेला पोरगा होऊन जगेल, आणि तेच त्याचं सगळं आयुष्य असेल. यावर एक उपाय होता, चरभरणी. रुग्णाला ती आठवण मुद्दाम काढायला लावायची. काढलेली आठवण पुन्हा लिहिली जाईपर्यंत चराच्या कडा मऊ असतात, तेवढ्यात औषध सोडून तो बुजवायचा. वेदना नाही, रक्त नाही. माणूस शांत होतो. पण हे त्याला सांगितल्यावर आठवता येतंय तोवरच करायला हवं, म्हणजे येत्या काही आठवड्यांत.

"एक गडबड आहे," मुजावर मध्येच म्हणाले. "चर चार आहेत."

आधी त्यांना यंत्रातच बिघाड वाटला होता. त्यांनी वेध पुन्हा घेतला, चौथा चर तिथेच होता, तिसऱ्याला अगदी लागून आणि त्याच्याइतकाच खोल. मग त्यांनी नोंद नसलेली एखादी लढत शोधायला सुरुवात केली. जुन्या सोबत्यांना फोन केले, इंगवले लष्करात होता तेव्हाच्या सरावाच्या लढती तपासल्या. चौथा पराभव कोणालाच ठाऊक नव्हता. मुष्टियुद्धाच्या वेड्याला पराभव म्हटला की रिंगणच दिसणार.

"त्या चरात काय आहे ते दिसतं का?" सुनेत्रानं विचारलं.

"चित्र दिसत नाही. कुठली इंद्रियं गुंतली आहेत तेवढं कळतं," केतकीबाई म्हणाल्या. "पहिल्या तिघांत जबड्याचं दुखणं आहे, रक्ताची चव आहे. यात मार नाहीच. एक आवाज आहे, बहुतेक बाईचा. आणि खडूचा वास."

सुनेत्रानं पडद्यावरच्या चौथ्या चराकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "ती लढत नव्हती. ती मी आहे."

कोल्हापुरातली तिसरी लढत हरल्यावर धैर्यशील तिच्या शाळेत आला होता. भुवईवर टाके, एक डोळा मिटलेला. शाळा सुटून गेली होती आणि ती फळा पुसत होती. त्यानं दारातूनच लग्नाचं विचारलं. तिला तो आवडत होता, म्हणूनच तिला भीती वाटली. "रोज मार खाऊन येणाऱ्या माणसाची वाट बघत बसणं मला जमणार नाही," असं ती म्हणाली होती. पुढची लढत जिंकल्यावर तो पुन्हा आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. अर्धे पेढे त्यानं फाटकापाशी शिपायांना आधीच वाटून टाकले होते, इतकी त्याला उत्तराची खात्री होती. ती हो म्हणाली. त्यानंतर अडतीस वर्षं दोघांचा संसार झाला, आणि तो चांगला झाला.

"मग माझा होकार कुठे आहे?" तिनं विचारलं.

केतकीबाईंनी मैदान इकडून तिकडे सरकवलं. एका कोपऱ्यात पुसटशी रेघ होती, असेल किंवा नसेल अशी. "होकार कोणी मनात परत परत ऐकत नाही, ताई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "सुखाचं तेच होतं. सुख झालं की माणूस पुढे जातो."

सुनेत्राला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला. अडतीस वर्षांची भाजीभाकरी, आजारपणं, हसणं, सगळं करड्या मैदानात सपाट, आणि एका संध्याकाळचं एक वाक्य एवढं खोल. मग रागही टिकेना, कारण तो धरून ठेवायला ताकद लागते.

तिसरा आणि चौथा चर एकमेकांना इतके चिकटलेले होते की एक बुजवला तर दुसरा ढासळणार, हे मुजावरांनी दोनदा तपासून सांगितलं. म्हणजे निवड सरळ होती. चर भरले तर धैर्यशील शांत होईल, पण सुनेत्रा नावाची कोणी बाई त्याच्या लेखी जगात उरणार नाही. नाही भरले तर ती उरेल, नकार देणारी म्हणून, आणि तो रोज हरलेला उठेल. आपण त्याच्या ओळखीचं राहावं म्हणून त्याला रोज हरायला लावायचं, हा आपमतलबीपणा झाला, असं तिला वाटत होतं. पण त्याच्या ओळखीचं राहायचं नाही, असंही तिला म्हणवत नव्हतं.

त्याच्या शुद्धीच्या एका चांगल्या सकाळी तिनं त्यालाच विचारलं. चर आणि भरणी असलं काही न सांगता फक्त एवढंच, की तुमचे पहिले तीन पराभव पुसून टाकायची सोय आहे, टाकायचे का?

धैर्यशीलनं आपले भले मोठे, गाठाळलेले हात पालथे करून पाहिले. "नको," तो म्हणाला. "हरलेल्या माणसाला सकाळी उठायला काम असतंय. जिंकलेला नुसता बसून राहतोय. मी बघितलंय की."

तिनं चरभरणी नाकारली. केतकीबाईंना ते पटलं नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही.

वर्ष सरलं तसं सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणे होत गेलं. कपाटातल्या सोनेरी पट्ट्याकडे बोट दाखवून धैर्यशीलनं एक दिवस विचारलं, हे कुणाचं. सुनेत्राच्या चेहऱ्याकडे तो परक्या म्हाताऱ्या बाईकडे पाहावं तसा अदबीनं पाहू लागला. पण सकाळी मात्र तो आपणहून उठे, हातांना कापडी पट्ट्या गुंडाळे आणि अंगणातल्या आंब्याला टांगलेल्या वाळूच्या पोत्यावर दम लागेपर्यंत ठोसे मारी. चौथी लढत जवळ आली आहे, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

मग एका सकाळी तो थांबला, पायरीवर बसला आणि पट्ट्या काढेना. जेवायची वेळ झाली तरी काढेना. हात पुढे धरून तो कोणाची तरी वाट पाहत होता. सुनेत्रानं पट्टी सोडायला हात लावला तर त्यानं आपला हात नम्रपणे मागे घेतला. बाई, हे तुमचं काम नव्हे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा तिला वस्तादांची रीत आठवली. धैर्यशीलचे पवार वस्ताद मूळचे कुस्तीतले. त्यांच्या तालमीत नियम होता, की लढत संपली की जिंकणाऱ्यानं स्वतःच्या पट्ट्या सोडायच्या नाहीत. हरणाऱ्यानं त्याच्यापुढे बसून त्या सोडायच्या. त्यामुळे एकाच्या डोक्यात हवा जात नाही आणि दुसऱ्याच्या मनात अढी राहत नाही, असं वस्ताद म्हणायचे. धैर्यशील त्याला हरवणाऱ्या तिघांपुढे असा बसला होता. आज आपण जिंकलो असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि हरलेला माणूस काही येत नव्हता.

सुनेत्रा गुडघे सांभाळत त्याच्यासमोरच्या खालच्या पायरीवर बसली.

"मी हरले," ती म्हणाली. "द्या हात."

आवाज ऐकताच त्यानं डोळे मिटले. चेहरा त्याच्या ओळखीचा राहिला नव्हता, आवाज मात्र त्या चरातला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले. ती मनगटापासून पट्टी सोडवत गेली, सावकाश, कारण बोटं तिचीही आता दुखत असत.

"बाई, तुम्ही शाळेतून इकडं कशा?" तो डोळे मिटूनच म्हणाला. "मीच येणार होतो. चौथी जिंकलो. परत विचारतोय, चालंल का?"

"विचारा."

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. तो इतका मनमोकळा हसला की तिला रडू आलं, आणि मग दोघं जेवायला बसले.

रात्री झोपेत ते सगळं गेलं. जिंकलेली लढत आणि मिळालेला होकार मनात परत घोळवायची त्याला सवयच नव्हती. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तीन लढती हरलेला, नकार ऐकलेला माणूस म्हणून उठला, आणि पट्ट्या गुंडाळू लागला.

पुढच्या तपासणीला केतकीबाई स्वतः घरी आल्या. सगळा प्रकार ओसरीतून त्यांनी पाहिला. पोतं, पायरी, पट्ट्या, प्रश्न, उत्तर. धैर्यशील हात धुवायला आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, की हे रोज होतं का, आणि तुम्ही दमत नाही का.

"दमते ना," सुनेत्रा म्हणाली. "पण मी एकदा नाही म्हटलं, ते त्यांनी मनात किती हजार वेळा ऐकलं, हे तुम्हीच दाखवलंत. माझे होकार अजून तेवढे झाले नाहीत."

ती उठली आणि घामानं ओल्या झालेल्या पट्ट्या तिनं उद्यासाठी दोरीवर वाळत घातल्या.