पेवातली हवा

दौंडच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर आनंदराव संध्याकाळच्या फेरीला निघाले, तेव्हा लाईट गेली होती. रोजचीच गोष्ट. कोपऱ्यातल्या खाटेपाशी मुमताज कंदील घेऊन उभी होती.

तिचा नवरा मीरासाहेब वडगाव रासाईचा शेतकरी. दम्यासाठी आनंदरावांनीच त्याला कॉर्टिझोनच्या गोळ्या चालू केल्या होत्या. घरी त्यांच्या बायकोला, सरूला, त्याच गोळ्या चालू होत्या आणि दम्यात आराम पडला होता, म्हणून भरवसाही होता. मीरासाहेबाचा दमा हटला, चेहरा गोल झाला, आणि मग ताप आला. खोकल्यातून रक्त पडू लागलं. क्षय धरून इंजेक्शनं दिली, पण बेडक्यात क्षयाचे जंतू काही सापडेनात आणि माणूस खाटेला खिळत चालला.

"डागदरसाहेब, आज बी आली व्हती," मुमताज हलक्या आवाजात म्हणाली.

"कोण?"

"ह्यांची भन. बानू. छातीवर बसती म्हंत्यात."

"तापात माणूस बरळतं, बाई."

"आन् ह्यो वास? त्यो बी बरळतोय व्हय?"

वास होता खरा. फिनेलच्या आडून येणारा, कोंदट, ओल्या मातीत कुजलेल्या दाण्यांचा.

"आमच्या पेवाचा हाय," ती म्हणाली. "बानू त्यातच गेली."

जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं, की आधी दोरीनं कंदील आत सोडतात. विझला, तर हवा वाईट. कुणी उतरत नाही. बानू कंदिलाची वाट न बघता उतरली होती. तेव्हापासून ते पेव बुजलेलंच होतं. यंदा मीरासाहेबानं ते उघडलं आणि काळी पडलेली ज्वारी स्वतः उपसली.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही दम्याचं इचारलं, साहेब. ज्वारीचं कुठं इचारलं?"

नवऱ्याचा चेहरा दाखवायला तिनं कंदील खाली नेला. छातीपाशी येताच ज्योत बारीक झाली, निळी झाली... आणि विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तिनं पुन्हा पेटवला. उंच धरला तोवर नीट जळला. खाली नेला, विझला.

काळी पडलेली ज्वारी म्हणजे बुरशी, आनंदरावांच्या मनात आलं.

मागे एकदा मीरासाहेबाच्या बेडक्यात त्यांना धागे दिसले होते. हवेतली बुरशी पडली असेल, म्हणून त्यांनी ती काच पुसून टाकली होती. आता त्यांनी मीरासाहेबाला चूळ भरायला लावली, उकळून घेतलेल्या बाटलीत ताजा बेडका घेतला, काचेवर बाकीचा चिकटा विरघळवणारा पोटॅशचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धागे होते. पेरं असलेले, फांद्या फुटलेले. दुसऱ्या काचेवरही तेच. धडधाकट माणूस ही बुरशी श्वासाबरोबर घेतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण गोळ्यांनी ज्याच्या अंगातली झुंजायची ताकद काढून घेतली, त्याच्या फुप्फुसात ती मूळ धरते.

गोळ्या एकदम थांबवता येत नव्हत्या. त्यांनी कमी करायला घेतल्या. औषधासाठी मुंबईला तार केली.

औषध यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ताप उतरला. वासही गेला.

"उठली छातीवरनं," मीरासाहेब क्षीण आवाजात म्हणाला. "म्हनली, दुसरीकडं जायाचं हाय..."

"कुठं?"

तो नुसता डॉक्टरांकडे बघत राहिला.

आनंदराव घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. ओसरीवर सरू सुपानं ज्वारी पाखडत बसली होती. काळपट धूळ तिच्या तोंडाभोवती तरंगत होती.

"कुणी दिली ही?"

"तुमच्या पेशंटच्या बहिणीनं. भाऊ बरा झाला म्हणे." सरू खोकली. "दुपारपासून बसली होती बिचारी. आत्ताच उठून गेली."

आनंदरावांनी सूप हिसकावून अंगणात भिरकावलं.

"अगंबाई! असं काय करता?"

"बघू... इकडे बघ. चेहरा बघू तुझा."

त्यांनी खुंटीवरचा कंदील काढला, पेटवला आणि उंच धरला. ज्योत स्वच्छ, पिवळी होती.

"अहो, खाली घ्या की जरा," सरू खोकत म्हणाली. "एवढ्या वरून काय दिसणार?"

त्यांचा हात खाली येईना.