अर्ध्या सेकंदाची फट

चौदा नरांची चौदा गाणी ऐकून झाली तेव्हा डॉ. हेमांगी दातारने कानांवरचे हेडफोन काढले आणि समोर बसलेल्या विश्राम सबनीसला म्हणाली, "चोर सापडला."

पुण्याच्या प्राणिध्वनी परीक्षणशाळेत चोर सापडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. रेल्वेसाठी, धरणासाठी एखादा डोंगर फोडायचा तर तिथले प्राणी आधी दुसरीकडे हलवायचे, असा आंतरराष्ट्रीय करार होऊन बारा वर्षं झाली होती. प्राणी हलवल्याच्या थापा मारणारे मुबलक होते. त्या थापा ओळखणं हे हेमांगीचं काम, आणि तिला ते जरा जास्तच आवडायचं. शाळेतला शिपाईसुद्धा तिच्या टेबलावर चहा ठेवताना कपात काय काय आहे ते आपणहून सांगायचा.

आजचं प्रकरण केनियातलं. म्वांबा नावाच्या कड्यावरचे एकसष्ट हायरॅक्स गेल्या वर्षी ओलेंडा टेकडीवर हलवल्याचा दावा होता. हायरॅक्स म्हणजे दिसायला सशाएवढा, शेपूट नसलेला गुबगुबीत प्राणी. पण नातं थेट हत्तीशी, आणि तोंडात दोन सुळेही आहेत. घामट, रबरी तळव्यांनी तो उभ्या कातळावर चढतो, सकाळी दोन तास उन्हात पडून अंग तापवतो आणि मगच चरायला निघतो. पिढ्यान्पिढ्या एकाच कातळावर मुततो, त्यामुळे लांबून पांढरे ओघळ दिसले की समजावं, वस्ती आहे. परीक्षणशाळेत त्यांना सगळे 'कडेकर मंडळी' म्हणत.

"आता सविस्तर सांग," विश्राम म्हणाला. तो आकडेशास्त्राचा माणूस. संशय घेण्याचा त्याला मनापासून कंटाळा.

"कडेकरांचा नर खोटं गाऊ शकत नाही, एवढं तुला माहीत आहे."

"वजन, वय, कळपातला मान. सगळं गाण्यात उमटतं."

"बरोबर. तो विव्हळतो, टकटक करतो, घुरघुरतो. घुरघुर जितकी खरखरीत, तितका तो वरच्या मानाचा. हा झाला त्याचा स्वरठसा. पण विव्हळणं, टकटक, घुरघुर हे कुठल्या क्रमाने गायचं ते तो शेजाऱ्यांचं ऐकून शिकतो. म्हणून प्रत्येक कड्याची बोली वेगळी. म्वांब्याची बोली एकवीस वर्षांपूर्वी मी स्वतः ध्वनिमुद्रित केली आहे. तिच्याशिवाय दुसरा नमुना जगात नाही."

"आणि हे गाणं त्या बोलीतलं नाही?"

"आहे. तीच तर हुशारी! फक्त सातव्या टकटकीनंतर अर्धा सेकंद काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. जिवंत प्राणी गाताना तिथे श्वास घेतो, त्याला घ्यावाच लागतो. चौदाच्या चौदा गाण्यांत तीच फट. म्हणजे कापून जोडलेलं गाणं."

विश्रामने पडद्यावरची रेघ मोठी करून पाहिली. "कापलं असतं तर मागचा वाऱ्याचा आवाजही तुटला असता. वारा सलग आहे."

"वारा नंतर भरला."

"स्वरठसे खरे आहेत. चौदा वेगळी वयं, चौदा वेगळी वजनं."

"कुठल्या तरी पिंजऱ्यातले चौदा नर. त्यांच्या गळ्यांवर यंत्राचं गाणं चढवलं."

प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि विश्रामला नेमकी त्याचीच काळजी वाटली. हे दावापत्र ज्याने पाठवलं तो प्रल्हाद घोरपडे पूर्वी तीन वर्षं याच शाळेत हेमांगीचा मदतनीस होता. आजऱ्याचा. केनियात गेला तो तिथलाच झाला.

आज शुक्रवार होता. दुपारी एकला हेमांगीने स्थलांतराचा दाखला नाकारला. संध्याकाळी पाचपर्यंत नकार मागे घेता येत होता. पाचनंतर ओलेंडा टेकडी कागदोपत्री 'रिकामी' ठरणार होती. रिकामी टेकडी खाणीला जायची ठरलेली, आणि सोमवारी सकाळी पहिला सुरुंग. टेकडीवर खरोखर कोणी नसेल तर त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण हेमांगीचं तेवढ्याने भागेना. हे गाणं कुठल्या यंत्राने रचलं तेही तिला हवं होतं. तिने ती फट शोधयंत्रावर टाकली. जगभरच्या कृत्रिम आवाजांचा साठा धुंडाळून यंत्राने अडीच वाजता उत्तर दिलं.

नमुना याच शाळेच्या साठ्यातला होता. तिच्याच नावाच्या कप्प्यात, 'निरुपयोगी' या शीर्षकाखाली. एकवीस वर्षांपूर्वी तिने संगणकावर रचलेलं हायरॅक्सचं बनावट गाणं. जोडताना तिच्याच हातून चूक झाली होती आणि सातव्या टकटकीनंतर अर्धा सेकंद कोराच राहिला होता.

"माझ्या कप्प्यातून चोरलं!" ती ओरडली. "तीन वर्षं माझ्या हाताखाली काम केलं आणि जाताना हे घेऊन गेला!"

"त्याला एकदा विचार तरी," विश्राम म्हणाला. "टेकडी उडवायच्या आधी."

"विचारते ना. त्याचं तोंडच पाहायचंय मला."

संपर्क लागेपर्यंत साडेचार झाले. पडद्यावर प्रल्हाद आला तो टोपी काढतच. मागे ओलेंड्याचे तांबडे खडक, त्यांवर नवे, बारीक पांढरे ओघळ.

"नमस्कार मॅडम. नकार बघितला. काय चुकलं माझं?"

"सातव्या टकटकीनंतरची फट कुठून आली, प्रल्हाद?"

"ती व्हय? आम्ही तिला उसासा म्हणतो. म्वांब्याचे सगळे नर असंच गातात. पिल्लंबी खेळता खेळता तसंच म्हणतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

"नाटक पुरे. ते माझं गाणं आहे. माझी चूक आहे ती. माझ्या कप्प्यातून तू ते उचललंस."

प्रल्हादने हातातली टोपी दोनदा फिरवली. तो घाबरला असं हेमांगीला वाटलं आणि तिला बरंही वाटलं. पण तो विचार करत होता.

"मॅडम, मी तुमच्याकडं नऊ वर्षांपूर्वी लागलो. तुमचा कप्पा तुमच्या बोटाच्या ठशाबिगर उघडत न्हाई. आणि हितले सगळ्यात म्हातारे नर अकरा वर्षांचे हायत, तेबी तसंच गातात." "एक विचारू? ते गाणं तुम्ही कुठं वाजवलं होतं का?"



वाजवलं होतं. म्वांब्यावरच. तिला परवानगी फक्त ऐकण्याची होती, वाजवण्याची नव्हती; पण एकतीस वर्षांच्या माणसाला परवानगीपेक्षा प्रयोग मोठा वाटतो. कपारीत कर्णा लपवून तिने तीन आठवडे रोज सकाळी ते गाणं लावलं होतं. घुरघुर मुद्दाम कमालीची खरखरीत ठेवली होती, कड्यावरचा सगळ्यात मानाचा नर वाटावा म्हणून. एकाही नराने उलट गाणं म्हटलं नाही. सगळे गप्प बसले. तिने वहीत 'प्रतिसाद शून्य' असं लिहिलं, कर्णा उचलला आणि त्याबद्दल कधी कुठे अक्षर छापलं नाही.

"ते गप्प बसले होते रे," ती हळूच म्हणाली.

"ऐकत असतील, मॅडम."

विश्रामने मान खाली घातली. पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेजाऱ्यांचं ऐकून नर शिकतो, आणि वरच्या मानाच्या नराचं आधी शिकतो. तीन आठवड्यांसाठी एक प्रचंड, अदृश्य नर म्वांब्यावर आला होता आणि जाताना एक उसासा ठेवून गेला होता. त्या नरांच्या मुलांनी आणि नातवांनी श्वास रोखून तिची चूक पाठ केली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कड्याला ती ठाऊक असणं शक्य नव्हतं. हेमांगीला अतिशय लाज वाटली.

"पाच वाजायला वीस मिनिटं आहेत," विश्राम म्हणाला. "पण हेमांगी, कळपाला विनापरवाना त्रास देणाऱ्या परीक्षकाची सही बाद होते. हे लिहिलंस तर त्या अर्जानंतर तुझी कुठलीच सही चालणार नाही. दाखला मला द्यावा लागेल."

"मग तू दे."

तिने नकार मागे घेण्याचा अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'हे गाणं बनावट आहे. ते म्वांबा कड्यावर मी वाजवलं होतं. म्हणून ते गाणारे प्राणी खरे आहेत.'

खाली सही केली, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि विश्रामच्या हातात दिलं.