वरची कवळी

शिंप्याला रस्त्यात माणसं दिसत नाहीत, नुसते कपडे चालताना दिसतात, असं तिचे सासरे म्हणायचे. ते स्वतः शिंपी होते. तिला दात दिसायचे. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये ती कामाला होती. सकाळभर मेण, प्लास्टर आणि पॉलिशच्या चाकाचा भुगा. दुपारी तयार कवळ्या पिशवीत घालून शहरभरच्या दवाखान्यांत पोचवायच्या. पोचवायचं काम खरं तर तिचं नव्हतं, तिनं ते मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी सासरे संध्याकाळचे फिरायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नव्हते.

नवऱ्यानं वर्षभर शोधलं. इस्पितळं, स्टेशनं, शवागारं, काही बाकी ठेवलं नाही. मग एक दिवस वडिलांचा फोटो पाकिटातून काढून कपाटात ठेवला आणि म्हणाला, "आता पुरे. असाच शोधत राहिलो तर मीही हरवीन." तो शाळेत भूगोल शिकवायचा, बोलणं मोजकं. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. ती मात्र रस्त्यानं चालताना म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघत राहायची. चेहरा बदलतो, दाढी वाढते, माणूस स्वतःचं नाव विसरतो. कवळी बदलत नाही.

आणि ती कवळी तिनंच केली होती. सासऱ्यांचे वरचे सगळे दात गेले तेव्हा ते म्हणाले होते, "समोरचा एक वाकडाच ठेव हं, सूनबाई. सरळ दात घेऊन वर गेलो तर तुझी सासू दारात उभं करायची नाही." तिनं हसत हसत तो दात जरासा पुढे आणि तिरका बसवला. त्याच्या शेजारच्या दाताला नंतर खाच पडली, कारण दातानं दोरा तोडायची खोड काही गेली नाही. एकदा मागची दाढ निखळली. त्या रंगाची दाढ लॅबमध्ये शिल्लक नव्हती, म्हणून तिनं एक छटा गडद बसवली. "दाढ कोण बघतंय?" ते म्हणाले. ती बघायची.

पहिला दात तिला पुलाखालच्या फळवालीच्या तोंडात दिसला. फळवाली तिशीची, गोल चेहऱ्याची, कुणाला तरी हसून सुटे परत देत होती. समोरचा वाकडा दात. तसे वाकडे दात शहरात ढिगानं असतात. पण हा दात वळवला होता तो तिच्या हातानं. मेण गार व्हायच्या आत अंगठ्यानं दिलेला तो हलका दाब तिला ओळखू आला, जसं आपलंच अक्षर ओळखू येतं. हिरडी ओली होती, जिवंत होती. दात त्यातूनच उगवला होता.

"काय बघताय, ताई?"

"दात छान दिसतो तुम्हाला."

"हा होय?" फळवालीनं जिभेनं तो चाचपला. "हा आत्ताच आलाय. उन्हाळ्यात."

"या वयात?"

"मलाही नवल वाटलं. दुखला नाही, खुपला नाही. एक दिवस आरशात बघते, तर हा."

तिनं संत्री घेतली आणि निघाली. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. ध्यानीमनी असतं तेच डोळ्यांना दिसतं, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात बँकेच्या दारात बसलेल्या रखवालदारानं जांभई दिली. गलेलठ्ठ, काळाभोर माणूस, दात सगळे पिवळट. एकच पांढरा, आणि त्याला खाली बारीक खाच. ती पायरीवरच थांबली.

"तुम्ही शिवणकाम करता का?" तिनं विचारलं. एवढंच सुचलं.

"मी?" रखवालदार हसला. "सुईत दोरा ओवता येत नाही मला, बाई." मग त्याचं हसू ओसरलं. आजूबाजूला बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पण हल्ली लोंबता दोरा दिसला की तोंड शिवशिवतं. कुणाच्याही बाहीला असो. तुम्ही का विचारलंत?"

"सहजच," ती म्हणाली. तिचा हात नकळत स्वतःच्या बाहीवर गेला होता.

तिसऱ्या वेळी ती बसमध्ये होती. समोरच्या सीटवर विशीतली एक मुलगी डोकं मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली होती. कॉलेजची बॅग मांडीवर. मागची दाढ एक छटा गडद. बस खड्ड्यातून गेली, मुलीची मान हलली आणि ती झोपेतच, वैतागून म्हणाली, "खिडकी लाव गं, सूनबाई. गार लागतंय."

आवाज मुलीचाच होता. तिनं उठून खिडकी लावली. मुलगी जागी झाली, तोंड पुसून ओशाळं हसली आणि पुढच्या स्टॉपला उतरून गेली.

त्यानंतर लॅबमध्ये तो साचा आला.

नदीपलीकडच्या दंतवैद्यांनी पाठवलेला, वरच्या जबड्याचा, एकही दात नसलेला. तिनं प्लास्टर हातात घेतलं आणि खिडकीशी नेलं. टाळूवरच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, बोटांच्या ठशांसारख्या. या वळ्या तिला पाठ होत्या. डावीकडची तिसरी मध्येच दुभंगलेली.

तिनं फोन लावला.

"हो, म्हातारे गृहस्थ होते," दंतवैद्य म्हणाले. "स्वच्छ, टापटिपीचे. मी विचारलं, जुनी कवळी कुठंय? तर म्हणाले, वाटून टाकली."

"म्हणजे?"

"तेच मी विचारलं. म्हणे, लोकांना लागतात हो दात. गमत्या माणूस. गुरुवारी दुपारी बोलावलंय. होईल ना तोवर?"

त्या संध्याकाळी तिनं साचा नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो उत्तरपत्रिका तपासत होता. लाल पेन हातातच राहिलं.

"टाळू सगळ्यांचा सारखाच असतो," तो म्हणाला.

"नसतो."

"मी पुन्हा नाही शोधणार. तुला सांगितलंय मी."

"शोधायचं नाहीये. नुसतं जाऊन बसायचंय."

मग त्यानं साचा उचलला, दुभंगलेल्या वळीवरून बोट फिरवलं, आणि खाली ठेवताना म्हणाला, "येतो."

तिनं कवळी पहिल्यासारखीच केली. वाकडा दात वाकडा. खाच कानशीनं पाडली. दाढ एक छटा गडद निवडली.

गुरुवारी दोघं नदी ओलांडून गेले. वाटेत नवऱ्यानं सफरचंद घेतलं आणि पुढच्या दातांनी कचाकचा चावून खाल्लं. मनावर ताण आला की त्याला भूक लागायची. दवाखान्याची बाहेरची खोली अरुंद होती. भिंतीला लागून खुर्च्या, संथ पंखा, लवंगेच्या तेलाचा वास. दोघं दाराकडे तोंड करून बसले. कवळीची डबी तिच्या मांडीवर.

सासरे आले नाहीत.

दुसरेच लोक येत गेले. एकेक करून, आवाज न करता. पेपर टाकणारा. गरोदर बाई. टाय लावलेला माणूस. काउंटरवरच्या मुलीनं प्रत्येकाला विचारलं, "वेळ घेतली होती का?" सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग फळवाली आली. तिच्यामागून रखवालदार, आज साध्या कपड्यांत. शेवटी बसमधली मुलगी.

खुर्च्या भरल्या. उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले.

तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्या नवऱ्याकडे बघत होते.

"चल, निघू या," ती त्याचा हात धरून म्हणाली.

नवरा हलला नाही. "बघू गं," तो म्हणाला, आणि तिच्या मांडीवरची डबी त्यानं उचलली.

झाकण उघडलं. कवळी बोटांत धरून उजेडाकडे केली.

"चांगली झालीये," तो म्हणाला.

ती हसायला गेली. तोवर त्यानं तोंड उघडून कवळी आत सरकवली आणि अंगठ्यानं टाळूवर दाबली.

चट्ट असा बारीक आवाज झाला.

तो आवाज तिनं दवाखान्यांत कितीदा ऐकला होता. कवळी नीट बसली की होतो. हिरडीवर एकही दात नसेल, तरच.