कोरडा चौकोन

दुपारी दोनच्या सुमारास पावसाचा पट्टा डोंगर ओलांडून आत आला. रडारच्या पडद्यावर लाल रंग पसरू लागला, तशी ताईने चहाची कपबशी बाजूला सारली. हवामान केंद्रात सगळे तिला ताईच म्हणत.

लाल पट्ट्यात एक चौकोन रिकामा होता.

असा चौकोन भरायची इथली रीत सोपी होती. आजूबाजूच्या आठ चौकोनांची सरासरी काढायची आणि त्यात टाकायची. "नकाशाला भोक बरं दिसत नाही," असं साहेब म्हणत. गेल्या वर्षी ताईने असे दोन चौकोन डोळे झाकून भरले होते. दोन्ही ठिकाणी त्याच संध्याकाळी घरं दरडीखाली गेली. जुन्या फायली चाळताना हे तिच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

आजचा चौकोन तिच्या धाकट्या भावाच्या घरावर होता. तिने त्याला फोन लावला.

"पाऊस आहे का रे तिकडे?"

"गंमतच आहे ताई! कुंपणापलीकडे धो धो, आणि अंगणात थेंब नाही. दोरीवरचे कपडेसुद्धा कोरडे."

"कपडे मरू देत. गाडी काढ आणि आहेस तसा इकडे ये."

"अगं, पण..."

"ये म्हटलं ना!"

दर दहा मिनिटांनी नवं चित्र येई. पुढच्या चित्रात भावाच्या घरावर लाल रंग भरला होता. ताईच्या जिवात जीव आला.

मग तिला चौकोन दिसला. तो आता हमरस्त्यावर होता.

त्यानंतरच्या चित्रात पुलावर. मग नाक्यावर.

परत फिर, असं सांगायला तिने फोन लावला. त्याने उचलला नाही.

पडद्याच्या मधोमध, केंद्राच्या जागी, कायमच एक काळा ठिपका असे. रडारला स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही. चौकोन त्या ठिपक्यात शिरला.

"बघा, गेला दोष," साहेब म्हणाले. "उगाच जीव टांगणीला लावून घेता."

दार उघडलं. भाऊ हसत आत आला. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"नशीब बघ ताई! अख्ख्या रस्त्यात एक थेंब अंगावर पडला नाही."

तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. ते ऊबदार होतं.

डोक्यावरच्या पत्र्यावर वाजणारा पावसाचा ताशा एकदम बंद झाला.

"थांबला वाटतं," साहेब म्हणाले.

खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकापलीकडे पाऊस कोसळतच होता.