रेव्हरंड मुरिथींचं घर

रुंगारी धर्मप्रांताला सहाय्यक बिशप निवडायचा होता आणि त्यासाठी नेमलेल्या समितीत आम्ही तिघं होतो: आर्चडीकन न्यागा, कॅनन रुंजी आणि मी. ते दोघं पाद्री. मी मुलींच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली म्हातारी. समितीत एक बाई हवी आणि एक पाद्री नसलेलं माणूस हवं, या दोन्ही गरजा माझ्या एकटीत भागत होत्या, म्हणून मला घेतलं होतं. अख्खं गाव म्हणतं तसं हे दोघंही मला 'बाई' म्हणत. न्यागाच्या बहिणीला मी दोनदा नापास केलं होतं आणि तो ते विसरला नव्हता.

कॅथीड्रलच्या मागच्या खोलीत बैठक भरायची. टेबलावर मंदाझीचं, म्हणजे तळलेल्या गोड पावांचं ताट आणि दुधाचा चहा. सुरुवातीची प्रार्थना इतकी लांबायची की चहावर साय धरायची. न्यागाच्या प्रार्थनेत रुंजीला टोमणे असत, रुंजीच्या प्रार्थनेत न्यागाला. देवाचा उपयोग मधल्या भिंतीसारखा होता, निरोप पलीकडे पोचवण्यापुरता.

न्यागा वरचा, म्हणजे डोंगराच्या अंगावरच्या चहामळ्यांतला. रुंजी खालचा, उतार संपल्यावर जी तांबडी कोरडी जमीन लागते तिथला. बिशप वरचे आहेत, तेव्हा सहाय्यक खालचाच हवा, हे रुंजीचं म्हणणं. आधीचे बिशप खालचे होते तेव्हा आम्हाला काय मिळालं, हा न्यागाचा सवाल. खुद्द येशू ख्रिस्त अर्ज घेऊन आला असता तरी या दोघांनी आधी विचारलं असतं, वरचा की खालचा?

माझ्या मनात एकच नाव होतं, रेव्हरंड वांजिरा न्गारी. माझीच विद्यार्थिनी. तोंडाची फटकळ, कामाला वाघ. खालच्या भागात ती मुलींचं वसतिगृह चालवायची. कोवळ्या वयात लग्न लावून द्यायला काढलेल्या आणि घरातून पळून आलेल्या मुली तिथे राहायच्या. जागा चर्चची होती आणि बिशपांना तिथे पाहुण्यांसाठी लॉज बांधायचं होतं. नवा सहाय्यक बिशप खालचा सगळा भाग सांभाळणार होता. वांजिरा आली तर वसतिगृह राहणार. दुसरं कुणी आलं तर डिसेंबरात कुलूप, आणि मुलींना 'समजूत घालून' घरी पाठवायचं. घरी त्यांची वाट कोण बघतंय, हे त्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मंदाझी मात्र व्यवस्थित संपायचे.

आमच्याकडे तिघांचं एकमत लागतं. एकानेही 'नाही' म्हटलं की ते नाव पडलं. न्यागाने रुंजीची माणसं पाडली, रुंजीने न्यागाची. वांजिराला दोघंही 'बघू' म्हणाले होते. पाद्री 'बघू' म्हणतो तेव्हा त्याने डोळे मिटलेले असतात.

अशात रेव्हरंड इलायजा मुरिथी हे नाव पुढे आलं. ते कुणी सुचवलं, हे आजही मला सांगता येणार नाही. न्यागाला वाटलं बिशपांनी, बिशपांच्या कार्यालयाला वाटलं समितीने.

मुलाखतीला मुरिथी वेळेवर आले. मध्यम उंची, राखाडी कोट, चेहऱ्यावर मंद हसू. खालच्या लोकांच्या तक्रारींबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." वरच्यांच्या तक्रारींबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे." मी वसतिगृहाचं विचारलं.

"मुलींना घर हवं," ते म्हणाले.

"म्हणजे वसतिगृह राहावं?"

"जसं तुम्ही म्हणाल तसं, बाई."

असला गुळमुळीतपणा मी दहावीच्या वर्गातही चालवून घेतला नव्हता. ते गेल्यावर मी समोर पाहिलं, तर दोघांचे चेहरे भाकरीसारखे फुलले होते.

"आपला माणूस आहे," न्यागा म्हणाला. "त्याची आई आमच्याच कड्यावरची. लहानपणी पाहिलंय मी तिला."

"कुणाची आई?" रुंजी हसला. "अहो, तो खालचा. त्याच्या बापाला माती दिली तेव्हा मी स्वतः हजर होतो. आंब्याखाली पुरलाय."

"तुमच्याकडे बरे आंबे उगवायला लागले!"

"तुमच्याकडे माणसं उगवतात तसेच."

आयुष्यभर ज्यांचं रस्त्याच्या नावावरही जमलं नाही ते दोघं एकाच माणसावर खूश होते, कारण दोघांनाही तो आपल्या पोत्यातला वाटत होता. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "एवढी खात्री आहे तर चला, घर बघू." आमच्याकडे नवरामुलगा असो की बिशप, घर पाहिल्याशिवाय कुणाला हो म्हणत नाहीत. अंगणात जायचं, चहा प्यायचा, बापाची माती कुठे आहे ते बघायचं. मुरिथींचं घर एका जागी असणार, तेव्हा दोघांतला एक तरी तोंडावर आपटेल आणि नाव पडेल, असा माझा साधा हिशेब होता.

शनिवारी सकाळी न्यागाच्या गाडीतून निघालो. गाडी न्यागा चालवत होता, मुरिथी त्याच्या शेजारी, रुंजी आणि मी मागे. नदीवरच्या पुलानंतर रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक वर जातो, एक खाली. आता भांडण जुंपणार म्हणून मी सरसावून बसले.

न्यागाने गाडी वळवली. "इथूनच ना?"

"इथूनच," रुंजी म्हणाला. "बरोबर चाललात."

मुरिथींनी दोघांकडे बघून मान डोलावली. गाडी वर वळली की खाली, हे मला नीट कळलं नाही. काचेबाहेर धुरळा होता. मग धुरळा खाली बसला आणि मला निळ्या रंगाचं फाटक दिसलं.

ते फाटक मला माहीत होतं. त्याची खालची फळी कुजलेली होती आणि तिथे पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. तो तुकडा माझ्या वडिलांनी ठोकला होता. आमचं घर होतं तिथून आज डांबरी रस्ता जातो. त्याच रस्त्याने मी दर आठवड्याला बाजारात जाते.

उन्हाचा परिणाम असेल, असं मी स्वतःशी म्हटलं. वयही झालंय. मी गाडीतून उतरले. अंगण नुकतं झाडलेलं होतं, झाडूचे फराटे दिसत होते. त्यावर कोंबडीच्या पायाचा एकही ठसा नव्हता. स्वयंपाकघरातून धुराचा आणि उकळत्या दुधाचा वास आला.

आई दारात उभी होती.

मी कॉलेजात होते तेव्हा ती गेली. निरोप उशिरा पोचला आणि मी आले तोवर माती दिलेली होती. तिचं शेवटचं दर्शनही मला झालं नव्हतं. आता ती माझ्यासमोर होती. कमरेला गुंडाळलेला तोच पिवळा लेसो, करंगळी तशीच वाकडी.

"आलीस, इगोकी?" ती म्हणाली. "बस. चहा होतोय."

मी बसले. काय करणार होते? अणूरेणू, दाब, तापमान, मला येत होतं त्यातलं काही म्हणजे काही उपयोगी पडलं नाही. तिने पेला हातात दिला आणि तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती गरम होती. मी रडले. सरळ रडले, लाज न बाळगता.

अंगणाच्या एका टोकाला रुंजी जमिनीवर बसून मान वर करून कुणाशी तरी बोलत होता. त्याच्यासमोर काही नव्हतं. न्यागा भिंतीशी उभा होता. कुणीतरी गाल कुरवाळावा तसा त्याचा चेहरा एका बाजूला कलला होता. मुरिथी फाटकापाशी हात बांधून उभे होते, हसत.

"चांगला मुलगा आहे," आई म्हणाली. "त्याला हो म्हण. मग येत जाशील."

"रोज येईन," मी म्हटलं.

"आणि त्या पोरींचं काय घेऊन बसलीस गं? पाठव त्यांना आपापल्या घरी. पोरीच्या जातीला लग्न काय चुकलंय?"

मी पेला खाली ठेवला.

मी बारा वर्षांची असताना मला मागणी घालायला बकऱ्या घेऊन माणसं आली होती. आईने मला धान्याच्या कणगीत लपवलं, हातात कोयता घेऊन ती फाटकात उभी राहिली आणि वडिलांसकट सगळ्यांना म्हणाली, आधी मला कापा. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला मिशनच्या शाळेत नेऊन सोडलं. माझी आई हे वाक्य मेली तरी बोलली नसती.

मी उठले. तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं.

"अगं, बस ना," ती मागून म्हणाली. "इगोकी. घाई कसली?"

आवाज तिचाच होता.

परतीच्या वाटेवर न्यागा चहाच्या मळ्यातल्या पत्र्याच्या घराबद्दल बोलत होता, आपली केव्हाच वारलेली आजी किती थकली आहे वगैरे. रुंजी आंब्याखाली बसलेल्या आपल्या बापाबद्दल बोलत होता. दोघंही मान डोलावत एकमेकांचं ऐकत होते आणि एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

सोमवारी मतं विचारली. न्यागा हो म्हणाला. रुंजी हो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

रुंजीने टेबलावर मूठ आपटली. "बाई, तुमचं डोकं फिरलंय! एवढा देवमाणूस!"

"तुझा बाप मेलाय, रुंजी. आंब्याखाली कुणी बसलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?" तो ओरडला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला दया यायला हवी होती. आली नाही. स्वतःच्या पाठीवरून घटकाभर मायेचा हात फिरावा म्हणून परक्यांच्या पोरी बाजारात उभ्या करायला निघालेली ही माणसं, आणि गळ्यात पांढरी पट्टी! तो मोह मलाही झाला होता, म्हणून तर मला त्यांची जास्तच किळस आली.

बाहेर बाकावर बसलेल्या मुरिथींना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते उठून उभे राहिले, कोट झटकला आणि म्हणाले, "काही हरकत नाही, बाई. जिथे हवा असेन तिथे जाईन."

त्यानंतर समितीत काही उरलंच नाही. न्यागा आणि रुंजी येऊन बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. वांजिराचं नाव मी पुन्हा मांडलं तेव्हा दोघांनी वर न बघता माना डोलावल्या. "कुणीही चालेल," न्यागा म्हणाला. बिशपांनी नाक मुरडलं, पण एकमत म्हणजे एकमत. नैरोबीहून आर्चबिशपांची मंजुरी आली.

बातमी आली त्या सकाळी मी आणि वांजिरा वसतिगृहाकडे निघालो. मुलींना आम्हीच सांगणार होतो. वांजिरा वाटेत गात होती. तिचा आवाज भसाडा आहे, पण मी तिला थांबवलं नाही.

मुली फाटकाच्या आत उभ्या होत्या.

सगळ्यांनी चर्चचे कपडे घातले होते. केस विंचरलेले, पायाशी पत्र्याच्या पेट्या. रस्त्याकडे तोंड करून त्या रांगेत उभ्या होत्या आणि हसत होत्या.

"कुठे निघालात गं?" वांजिराने विचारलं.

"घरी."

"घरी? कुणी सांगितलं?"

"रेव्हरंड नेणार आहेत," एक म्हणाली. "काल दाखवून आणलं ना घर. आमच्याकडचेच आहेत ते."

"आमच्याकडचे," दुसरी म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही.

आम्ही आत शिरलो तशी वांजिराने फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून त्यांच्यापुढे उभी राहिली. मुली रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. फक्त एक एक पाऊल पुढे सरकून गजांना लागून उभ्या राहिल्या.

सगळ्यात धाकटी कनिनी माझ्या बाजूला होती. तिची आई बाळंतपणातच गेली. चुलत्याने तिला एका म्हाताऱ्याला द्यायला काढलं होतं. मी तिच्यापुढे बसले.

"कनिनी, घरी कोण आहे तुला?"

"आई," ती म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखा तिने माझा हात धरला. तिची बोटं गरम होती.

"बाई, तुमच्या आईनेही निरोप दिलाय. तुम्ही उठून आलात ना, तेव्हापासून ती दारातच उभी आहे. बसत नाहीये."